स्टीमचा हिशोब दर महिन्याला का बिघडतो? सॉफ्टवेअर बरोबर, मीटर बरोबर, तरी कोळसा जास्त

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमच्याकडे हेच होतंय का ते बघता येईल.

बॉयलर हाऊसमध्ये स्टीम फ्लो मीटर आहे. एक्सेल किंवा एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण स्टीम सिस्टीमचं मॉडेल मांडलंय. मॉडेल म्हणतं, किलोभर कोळशावर सात किलो वाफ. मीटरच्या आकड्याला कोळशाने भागलं तरी सातच्या आसपास येतं. स्क्रीनवर सगळं हिरवं. मग एखाद्या महिन्यात मीटरचा आकडा एकदम सव्वासहावर उतरतो, सगळे बॉयलरवर धावतात, काही सापडत नाही, पुढच्या महिन्यात आकडा आपोआप सातवर येतो. आणि या सगळ्यात एक गोष्ट कधीच बदलत नाही: मॉडेलवरून काढलेलं कोळशाचं बजेट दर महिन्याला कमी पडतं. थोडंथोडकं नाही, पंधरा-वीस टक्के.

आमच्याकडे हे दोन वर्षं चाललं होतं. इचलकरंजी पट्ट्यातलं कापडाचं प्रोसेस हाऊस, सहा टनी बॉयलर, इंडोनेशियाचा कोळसा. वाफ मुख्यतः जेट डाइंगला (कापड रंगवायच्या मशीनना) आणि कापड वाळवणाऱ्या सिलिंडर ड्रायरला. सॉफ्टवेअर म्हणून 'मेझर' वापरत होतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यासाठी ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने बनवलेलं, फुकट आणि मुक्तस्रोत आहे. पूर्वी याच खात्याचं 'स्टीम सिस्टीम मॉडेलर' वेगळं मिळायचं, आता तो भाग यातच आहे. पण खाली जे लिहिलंय ते कुठल्याही सॉफ्टवेअरला लागू आहे, कारण सॉफ्टवेअरमध्ये चूक नव्हतीच. हिशोब समजायला सोपा जावा म्हणून आकडे थोडे गोल केलेत.

आधी 'इतर नुकसान' शून्य करा

बहुतेक मॉडेलमध्ये किंवा एक्सेलमध्ये एखादा असा रकाना असतो ज्यात उरलेला फरक ढकलता येतो. कुठे त्याला 'अज्ञात नुकसान' म्हणतात, कुठे 'हेडर लॉस'. आम्ही महिनाअखेरीला दोन्ही बाजू जुळेपर्यंत त्यात आकडा वरखाली करायचो. शेठना अहवाल जुळलेला दिसायचा. हा रकाना म्हणजे गादीखाली सरकवलेला कचरा आहे. फरक शोधायचा असेल तर तो आधी उघड्यावर दिसला पाहिजे. तो शून्य करा आणि एक महिना मॉडेलला हातही लावू नका.

मीटर नको, पाणी आणि वजनकाटा घ्या

स्टीम मीटर हा सगळ्यात महाग मीटर असतो म्हणून लोक त्यावर सगळ्यात जास्त विश्वास ठेवतात. उलट करा. बॉयलरमध्ये गेलेलं पाणी, त्यातून ब्लोडाऊनला गेलेलं (क्षार साठू नयेत म्हणून बॉयलरमधून सोडून दिलेलं) पाणी, आणि भट्टीत गेलेला कोळसा. या तीन गोष्टी नीट मोजल्या की वाफ किती झाली ते कळतं. इंडियन स्टँडर्ड ८७५३ मध्ये आणि ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या पुस्तकांत हीच थेट पद्धत दिलेली आहे, नवीन काही नाही.

आठ तासांची चाचणी पुरते. सुरू करताना आणि संपवताना बॉयलरच्या ड्रममधली पाण्याची लेव्हल एकच, प्रेशर एकच, हॉपरमधला कोळसा एकाच खुणेपर्यंत. भट्टीवरचा थर दोन्ही वेळी सारखा दिसला पाहिजे, हे मात्र बॉयलरवरच्या फायरमन मामांच्या डोळ्यावर सोडा. त्यांना ते आपल्यापेक्षा चांगलं कळतं. कोळसा बकेटच्या संख्येवरून नको, वजन करूनच.

पाण्याच्या मीटरवर शंका असेल तर फीड टँक, म्हणजे बॉयलरला पाणी पुरवणारी टाकी, वापरा. तिच्यात येणारं मेकअप (नवं पाणी) आणि कंडेन्सेट (वाफेचं थंड होऊन परत आलेलं पाणी) वीस मिनिटं बंद करून टाकीची पातळी किती उतरली ते फूटपट्टीने मोजा. तीन मीटर बाय दोन मीटरची टाकी असेल तर प्रत्येक सेंटिमीटरला ६० लिटर. इथे एक बारीक गोष्ट आम्ही बरेच दिवस विसरलो होतो: ७० अंशांचं पाणी लिटरला एक किलो भरत नाही, ९७८ ग्रॅम भरतं. मीटर लिटर मोजतो, हिशोब किलोत असतो. सव्वादोन टक्के इथेच गेले.

ब्लोडाऊनचं पाणी मोजायला बादल्या लावायची गरज नाही. फीड पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) २५० आणि बॉयलरच्या पाण्याचा २५०० असेल, तर फीडच्या दहा टक्के पाणी ब्लोडाऊनला जातंय. मात्र इथे एक खड्डा आहे. काही ठिकाणी ब्लोडाऊन फीड पाण्याच्या टक्क्यात मागतात, काही ठिकाणी वाफेच्या टक्क्यात. वाफेवर काढलं तर तोच आकडा ११.१ होतो. रकान्याच्या बाजूला काय लिहिलंय ते एकदा वाचा.

ही चाचणी आम्ही केली तेव्हा किलोला ५.८ किलो वाफ निघाली. मॉडेल म्हणत होतं ७.०६. मीटर म्हणत होता ६.९९.

पहिली प्रतिक्रिया अर्थातच 'चाचणी चुकली' अशी होती. दोन वेगवेगळ्या गोष्टी, एक मॉडेल आणि एक मीटर, सातवर सहमत असताना फूटपट्टीवाल्याचं कोण ऐकणार? पुन्हा केली, पुन्हा ५.८ च्या आसपास. मग जे कळलं ते असं की मॉडेल चुकत होतं एका कारणाने, मीटर चुकत होता अगदी वेगळ्या कारणाने, आणि दोघांच्या चुका योगायोगाने जवळपास तेवढ्याच होत्या. दोन खोटे साक्षीदार एकच जबानी देत होते.

मॉडेल का चुकत होतं: कोळशाचा उष्मांक

कोळशाच्या दाखल्यावर उष्मांक (किलोभर कोळशातली उष्णता) होता ५५०० किलोकॅलरी. आम्ही तो तसाच टाकला. दाखल्यावर त्या आकड्याच्या शेजारी बारीक अक्षरात 'एडीबी' लिहिलेलं असतं, म्हणजे एअर ड्राइड बेसिस. प्रयोगशाळेत नमुना हवेत वाळवून मग मोजलेला उष्मांक. आपण भट्टीत वाळवलेला नमुना टाकत नाही, आपण यार्डातला कोळसा टाकतो. त्याला 'एआरबी' लागतो, म्हणजे जसा आला तसा.

रूपांतर सोपं आहे. एडीबीच्या आकड्याला (१०० वजा एकूण ओलावा) ने गुणा आणि (१०० वजा अंगचा, म्हणजे हवेत वाळवूनही उरणारा, ओलावा) ने भागा. आमच्या दाखल्यावर अंगचा ओलावा १२ होता आणि एकूण ओलावा २८. म्हणजे ५५०० गुणिले ७२ भागिले ८८. उत्तर ४५००.

हजार किलोकॅलरी इथे हवेत विरल्या. आता पुढचं गणित बघा. ८ किलो प्रेशरच्या (गेजवर, चौरस सेंटिमीटरला ८ किलो) कोरड्या वाफेत सुमारे ६६२ किलोकॅलरी असतात, फीड पाणी ७० अंशांना म्हणजे ७० घेऊन येतं, तर किलोभर वाफेला ५९२ द्याव्या लागतात. कार्यक्षमता ७६ टक्के धरली तर ५५०० वर ७.०६ किलो वाफ दिसते आणि ४५०० वर ५.७८. चाचणीत ५.८ आली होती. म्हणजे ७६ टक्के हा आकडा खरा होता. बॉयलर बिचारा आपलं काम नीट करत होता आणि दोन वर्षं शिव्या खात होता.

हा फरक दर पावसाळ्यात परत येतो, आणि 'वारंवार येणारी अडचण' ती हीच. एकदा ४५०० टाकून सुटका होत नाही. जूनपासून यार्डात उघड्यावर पडलेला कोळसा पाणी पितो. एकूण ओलावा २८ चा ३३ झाला तर तोच कोळसा ४१९० वर येतो. कारण वाढलेलं वजन पाण्याचं असतं: काट्यावर आपण पाणी मोजतो आणि नोंदवहीत कोळसा लिहितो. आमच्या एका फायरमन मामांनी मला पहिल्याच जुलैमध्ये सांगितलं होतं, "सायेब, कोळसा वला हाय, वाफ कुठनं धरंल?" मी त्यांना चिमणीच्या धुरातल्या ऑक्सिजनचा आकडा दाखवत बसलो होतो.

उपाय: दर लॉटचा दाखला हवाच, पण तो यार्डात शिरतानाचा आहे. आठवड्यातून एकदा हॉपरच्या तोंडाशी नमुना घेऊन ओलावा मोजा. नीट प्रयोगशाळेची पद्धत जमली नाही तर साधा ओव्हन, १०५ अंश, वजन स्थिर होईपर्यंत. अगदी अचूक नाही, पण २८ आणि ३३ मधला फरक कळायला पुरेसा. मॉडेलमध्ये उष्मांक हा एकदा भरायचा आकडा नाही, तो दर आठवड्याला बदलायचा आकडा आहे.

जाता जाता: युरोपियन कंपनीचा बॉयलर असेल तर त्यांची कार्यक्षमता बऱ्याचदा निव्वळ उष्मांकावर (पाण्याची वाफ होण्यात जाणारी उष्णता वजा करून) दिलेली असते, आपली सकल उष्मांकावर (ती वजा न करता). ओल्या इंधनात हा फरक मोठा होतो. कॅटलॉगमधला टक्का उचलून मॉडेलमध्ये टाकू नका.

मीटर का चुकत होता: घनता

आमचा स्टीम मीटर व्होर्टेक्स जातीचा. व्होर्टेक्स मीटर वाफेचं आकारमान मोजतो, वजन नाही. वजन काढायला तो आकारमानाला घनतेने गुणतो. ही घनता त्याला कोणीतरी सांगावी लागते. आमचा मीटर बसवताना १० किलो प्रेशरची घनता टाकली होती, घनमीटरला ५.५५ किलो. नंतर कधीतरी प्रोसेसला एवढं प्रेशर लागत नाही म्हणून बॉयलर ८ वर चालवायला सुरुवात झाली. ८ वर घनता ४.५८. मीटरला कोणी सांगितलं नाही. तो २१ टक्के जास्त दाखवत राहिला.

५.७८ ला १.२१ ने गुणा. ६.९९. ही झाली दुसरी खोटी जबानी.

ऑरिफिस मीटर (दाबातल्या फरकावरून मोजणारा) असेल तर चूक वर्गमुळात येते, म्हणजे याच बदलाला दहा टक्के. तुमचा फरक दहाच्या आसपास असेल तर आधी मीटरचा प्रकार बघा.

यात आणखी एक गंमत झाली होती. आमच्या इन्स्ट्रुमेंटच्या पोराने एकदा स्वतःहून घनता दुरुस्त केली होती. बरोबरच केलं होतं. त्या महिन्यात मॉडेल ७ म्हणालं आणि मीटर ५.८, स्क्रीन लाल झाली, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला जुनी घनता परत टाकायला लावली. कारण 'आधी जुळत होतं'. या अडचणीत सगळ्यात वाईट सवय हीच आहे: जुळण्याला बरोबर समजणे. दोन चुका एकमेकींना झाकत असतील तर एक सुधारल्यावर चित्र बिघडलेलंच दिसणार. म्हणून दोन्ही बाजू स्वतंत्रपणे तपासून मगच एकदम बदला.

आता मीटर मधूनच सव्वासहावर का उतरायचा? त्याचं उत्तर रात्रपाळीत होतं. व्होर्टेक्स मीटरला एका मर्यादेखालचा वेग दिसत नाही, तो सरळ शून्य दाखवतो. रात्री दोनच जेट चालू असले की पाइपातून वाफ जायची, पण मीटर झोपलेला असायचा. ज्या महिन्यात रात्रपाळी भरलेली, त्या महिन्यात आकडा सात. ज्या महिन्यात ऑर्डर कमी आणि रात्री मशीन उभ्या, त्या महिन्यात सव्वासहा. आम्ही प्रत्येक वेळी बॉयलरच्या ट्यूब तपासत होतो.

ओळखायचं कसं? महिन्याची बेरीज बघू नका. तासाचा आलेख काढा. रात्री मीटर शून्य आणि त्याच तासाला फीड पंप चालू, असं दिसलं की सापडलं. उपाय म्हणजे प्रेशर ट्रान्समीटर जोडून घनता चालत्या प्रेशरवर घ्यायची, आणि मीटर लाइनपेक्षा मोठा असेल तर त्या जागी पाइपाचा व्यास कमी करून लहान मीटर. दुसरा उपाय खर्चाचा आहे. तोवर रात्रीची वाफ पाण्यावरून काढा.

लोक इथे आणखी एका गोष्टीच्या मागे लागतात: प्रेशर गेजचं टाकलं की अॅब्सोल्यूट, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब मिळवून? घनतेसाठी हे महत्त्वाचं आहेच. पण उष्णतेच्या हिशोबात ८ गेज ऐवजी ८ अॅब्सोल्यूट पडलं तर किलोला जेमतेम दीड किलोकॅलरीचा फरक पडतो. वीस टक्के तिथे सापडणार नाहीत.

कार्यक्षमतेचा रकाना

उष्मांक आणि मीटर दुरुस्त झाल्यावर सहा महिने सगळं बरं चाललं. मग आम्ही हुशारी केली. दर महिन्याला फ्ल्यू गॅस अॅनालायझर (चिमणीतला धूर तपासणारं यंत्र) लावून त्याने दाखवलेली कार्यक्षमता मॉडेलमध्ये टाकायला लागलो. ८३ आली. बजेट पुन्हा कमी पडलं.

अॅनालायझर फक्त चिमणीतून जाणारी उष्णता बघतो. राखेत किती कोळसा न जळता गेला, अंगावरून किती उष्णता गेली, ब्लोडाऊनला किती, यातलं त्याला काही माहीत नसतं. गॅसच्या बॉयलरला हे चालून जातं. कोळशाला नाही. राखेचं गणित करून बघा: कोळशात ६ टक्के राख आहे आणि बाहेर पडणाऱ्या राखेत २५ टक्के कार्बन सापडला, तर १०० किलो कोळशामागे ८ किलो राख बाहेर येते आणि तिच्यात २ किलो कार्बन असतो. कार्बनला किलोमागे ८०८० किलोकॅलरी. कोळशाच्या प्रत्येक किलोमागे १६२ गेल्या, ४५०० पैकी साडेतीन टक्क्यांहून जास्त. ब्लोडाऊनचा साधारण दीड टक्का, अंगावरून तेवढाच. ८३ मधून हे वजा करा, परत ७६ च्या आसपास येऊन पोचाल.

उलटी चूकही होते. 'मेझर'सारखी सॉफ्टवेअर ज्वलनाची कार्यक्षमता मागतात आणि ब्लोडाऊन वेगळा मागतात. तिथे थेट पद्धतीने काढलेली ७६ टाकली आणि ब्लोडाऊन दहा टक्केही भरला, तर ब्लोडाऊनचं नुकसान दोनदा मोजलं जातं. म्हणून कागदावर एकदा लिहून ठेवा की तुमच्या टक्क्यात काय काय धरलंय. राखेतल्या कार्बनचा रकाना कुठे असेल तर तो शून्य सोडू नका. नसेल तर ते नुकसान ज्वलनाच्या टक्क्यातूनच वजा करून टाका.

अॅनालायझरचं टोक कुठे घालता यानेही उत्तर बदलतं. आमच्याकडे सोयीचं भोक चिमणीच्या बुंध्याशी होतं. तिथे ऑक्सिजन १२ टक्के. बॉयलरमधून धूर बाहेर पडतो तिथेच, म्हणजे एअर प्रीहीटर आणि डस्ट कलेक्टरच्या आधी मोजला तर ८. जादा हवा ऑक्सिजन भागिले (२१ वजा ऑक्सिजन) अशी काढतात, म्हणजे ८ ला ६२ टक्के आणि १२ ला १३३ टक्के. मधली सगळी हवा डक्टच्या गळक्या फ्लँजमधून शिरत होती. चिमणीवरचा आकडा बघून एफडी फॅनचा (भट्टीत हवा ढकलणाऱ्या पंख्याचा) डँपर आवळला असता तर भट्टी काळी पडली असती.

फीड टँक गरम झाला म्हणून आनंद मानू नका

फीड पाणी ६ अंशांनी वाढलं की इंधन सुमारे एक टक्का वाचतं, हे सगळ्यांना पाठ असतं. त्यामुळे टाकी ७० वरून ९० वर गेली की मॉडेल तीन टक्के बचत दाखवतं आणि सगळे खूश. आमच्या टाकीने हा पराक्रम एकदा केला आणि कोळसा उलट वाढला.

टाकीचा हिशोब हाताने करा. ६० टक्के कंडेन्सेट, फ्लॅश (दाब उतरल्यावर त्यातून सुटणारी वाफ) आधी वेगळी केलेली, ८५ अंशांचं. ४० टक्के मेकअप, २८ अंशांचं. मिश्रण ६२ अंश व्हायला पाहिजे. थर्मामीटर ९० दाखवतोय, तर वरची उष्णता आली कुठून? वाफेतून. गणित केलं तर फीडच्या साडेचार ते पाच टक्के इतकी ताजी वाफ टाकीत येऊन मिसळत होती. ड्रायरचे स्टीम ट्रॅप (पाणी सोडून वाफ अडवणारे व्हॉल्व्ह) उघडेच राहिले होते, काम न करता वाफ सरळ कंडेन्सेट लाइनला. मॉडेलला हे दिसत नाही. आपण फीडचं तापमान भरतो, ते कशामुळे वाढलं हे विचारायला त्याच्याकडे रकाना नाही.

बाहेरची खूण: टाकीच्या व्हेंटमधून सतत वाफेचा झोत, आणि फीड पंप खडखडायला लागतो. मामा म्हणतात, "पंप पाणी धरंना." गरम पाणी पंपाच्या तोंडाशीच वाफाळतं, म्हणून. पंप बदलायची ऑर्डर काढण्याआधी ट्रॅप बघा.

ट्रॅपची गळती किती रुपयांची, तेही मॉडेलमध्ये जपून टाका. ७ किलो प्रेशरवर ३ मिलिमीटरच्या भोकातून सूत्राप्रमाणे तासाला सुमारे २९ किलो वाफ जाते. वर्षाला ७९०० तास धरले तर २३० टन वाफ, आमच्या भाषेत ४० टन कोळसा. ऐकायला भारी वाटतं. पण ट्रॅपच्या भोकातून वाफेबरोबर कंडेन्सेटही जात असतं, त्यामुळे प्रत्यक्षात वाफ यापेक्षा कमी जाते. विकणारा माणूस पूर्ण आकडा दाखवतो, मग बचत 'कुठे गेली' म्हणून आपण शोधत बसतो.

आकडा अचानक सुधारला तर जास्त घाबरा

पाण्यावरून वाफ काढायच्या पद्धतीत एक दोष आहे, तो लपवणार नाही. बॉयलरमधून वाफेबरोबर पाणी उडून जात असेल तर तेही आपण वाफ म्हणूनच मोजतो. वाफेत ५ टक्के पाणी असेल तर किलोमागे २४ किलोकॅलरी कमी दिल्या जातात आणि गुणोत्तर चार टक्क्यांनी चांगलं दिसतं. कोळसा तोच, वाफ जास्त! पण कापड वाळायला वेळ लागायला लागतो.

आमच्याकडे हे सकाळी आठला व्हायचं. पाळी बदलली की चार जेट एकदम चालू, प्रेशर पडायचं, ड्रममध्ये पाणी फुगायचं आणि लाइनला उडायचं. त्यात टीडीएस वर गेलेला असला की फेस. सॉफ्टवेअर पंधरा मिनिटांची सरासरी घेत होतं, त्यात हा दोन मिनिटांचा दणका बुजून जायचा. लॉगिंग दहा सेकंदांवर नेलं तेव्हा दिसलं. चार जेटमध्ये दहा-दहा मिनिटांचं अंतर ठेवायला डाइंग मास्टरांना राजी करणं हे सगळ्या सॉफ्टवेअरपेक्षा अवघड गेलं. अण्णा, फक्त आठवडाभर करून बघा, असं म्हणत तीन आठवडे काढले.

तरीही बचत दिसत नसेल तर

दोन कारणं थोडक्यात. एक, बचतींची बेरीज करू नका. ज्वलनात तीन टक्के आणि कंडेन्सेटात पाच टक्के म्हणजे आठ टक्के होत नाहीत, दुसरी बचत पहिलीने कमी झालेल्या कोळशावर लागते. मॉडेलमध्ये दोन्ही बदल एकत्र टाकून चालवा. दोन, उत्पादन. रोजचा कोळसा उभ्या अक्षावर आणि रोजचं कापड आडव्या अक्षावर मांडून ठिपके काढा. रेषा शून्यातून जाणार नाही. कापड शून्य असताना जो कोळसा दिसतो तो लाइन गरम ठेवण्याचा, अंगावरच्या नुकसानाचा, ट्रॅपच्या गळतीचा. लॅगिंग (पाइपावरचं उष्णता अडवणारं आवरण) आणि ट्रॅपचं काम केलं तर ही रेषा खाली सरकली पाहिजे, तिचा उतार नाही. महिन्याच्या 'किलो कोळसा प्रति मीटर' या एका आकड्यात मंदीच्या महिन्यात केलेली चांगली कामंही वाईट दिसतात.

आता काय चाललंय

आमच्या मॉडेलमध्ये पाच आकडे आहेत जे आपोआप शिळे होतात: कोळशाचा ओलावा, बॉयलरचं चालू प्रेशर, दोन्ही टीडीएस, टाकीचं तापमान आणि त्याच्या शेजारी हाताने काढलेलं मिश्रणाचं तापमान, राखेतला कार्बन. प्रत्येकाच्या पुढे तारीख आणि भरणाऱ्याचं नाव आहे. दहा दिवसांपेक्षा जुना आकडा असेल तर रकाना पिवळा होतो. राखेला मात्र महिना दिलाय, ती बाहेर पाठवावी लागते.

मॉडेल आणि पाण्याचा हिशोब आता दोन-तीन टक्क्यांत राहतो. सुट्टीनंतरचा पहिला दिवस मात्र अजून जुळत नाही. थंड बॉयलर, थंड लाइन आणि थंड ड्रायर तापवायला जो कोळसा जातो तो मॉडेलला कसा सांगायचा हे मला जमलेलं नाही. सध्या तो दिवस मी वेगळ्या पानावर लिहितो आणि महिन्याच्या सरासरीत धरत नाही. कोणी बॉयलर सुट्टीच्या दिवशी बँक करून (आग मंद धगधगती ठेवून) ठेवत असेल आणि त्याचा कोळसा वेगळा मोजला असेल, तर कृपया आकडे सांगा.